पिलाटीज : सतरंजीवरचा व्यायाम आणि रोजचे जगणे

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नव्याने दाखल झालेल्या यंत्रसामग्रीची माहिती देण्याचा प्रघात आहे. ज्या दात्यांच्या औदार्यामुळे ही यंत्रे येथे आली, त्यांना आपल्या देणगीचा विनियोग कसा झाला हे समजले पाहिजे. प्रस्तुत लेखात मात्र अशा एका उपक्रमाचा परिचय करून द्यावयाचा आहे की ज्याला कोणतेही यंत्र लागत नाही. एक जाड सतरंजी, घडी घातलेला टॉवेल, हवेशीर खोली आणि शिकविणाऱ्याचे पूर्ण लक्ष एवढ्या भांडवलावर तो चालतो. भौतिकोपचार अर्थात फिजिओथेरपी विभागात दुपारी भरणारा पिलाटीज व्यायामाचा वर्ग, हा तो उपक्रम होय.

या वर्गाचा फलक लागल्यापासून रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन चौकशी करतात. कोणाला हे औषधाचे नाव वाटते, कोणाला तपासणीचे. एका गृहस्थांनी तर ‘ही तपासणी उपाशीपोटी करावयाची काय?’ असेही विचारले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु विभागातील तज्ज्ञांकडून समजून घेतलेले आणि गेली दोन वर्षे स्वतः सतरंजीवर करून पाहिलेले जे काही आहे, ते सर्वांपुढे मांडावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

पद्धतीचा जनक

पिलाटीज हे एका व्यक्तीचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील मोन्शनग्लाडबाख या गावी झाला. बालपणी दमा, मुडदूस आणि संधिज्वर या व्याधींनी आपल्याला ग्रासले होते, असे ते सांगत. दुर्बल शरीर व्यायामाने घडविता येते, हा त्यांच्या आयुष्याचा ध्यासच होऊन बसला. पहिल्या महायुद्धाच्या काळी ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे आइल ऑफ मॅन या बेटावरील नॉकॅलो छावणीत ठेवण्यात आले. वीस हजारांहून अधिक माणसे असलेल्या त्या छावणीत हाती साधने नव्हती. होता तो केवळ वेळ आणि स्वतःचे शरीर. तेथील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी त्यांनी पलंगाला स्प्रिंगा जोडून व्यायामाची सोय केली, अशी आख्यायिका पुढे प्रसिद्ध झाली.

१९२६ साली ते अमेरिकेस गेले. पत्नी क्लारा यांच्यासह न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवर त्यांनी व्यायामशाळा चालविली. जॉर्ज बॅलन्शीन, मार्था ग्रॅहॅम यांच्यासारख्या नृत्यक्षेत्रातील थोर व्यक्तींनी आपल्या नर्तकांना त्यांच्याकडे धाडले. कारण दुखापत झालेला नर्तक पुन्हा रंगमंचावर उभा राहणे हा त्या व्यवसायात पोटापाण्याचा प्रश्न असतो. स्प्रिंगांवर सरकणारी फळी असलेले ‘रिफॉर्मर’ नावाचे यंत्र आणि इतर अनेक साधने पिलाटीज यांनी बनविली. तथापि १९४५ साली ‘रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रोलॉजी’ हे पुस्तक लिहिले तेव्हा त्यात त्यांनी दिले ते ३४ व्यायामप्रकार, आणि तेही घरच्या जमिनीवर, चटईवर करावयाचे. स्वतःच्या पद्धतीला त्यांनी दिलेले नाव ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे होते. १९६७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर ही पद्धत त्यांच्याच आडनावाने जगभर पसरली.

व्यायामामागील विचार

आपले धड हा एक डबा आहे अशी कल्पना करावी. वरचे झाकण म्हणजे श्वासपटल. खालचा तळ म्हणजे कटितळाचे स्नायू, जे मूत्राशय व गर्भाशय यांना आधार देतात. पुढच्या व बाजूच्या भिंती म्हणजे पोटाभोवती पट्ट्याप्रमाणे गुंडाळलेला आडवा उदरस्नायू, आणि मागील भिंत म्हणजे मणक्यांना लगटून असलेले लहान लहान स्नायू. हे चौघे एकदिलाने काम करीत असले, की कण्याला आतून आधार मिळतो. त्यांच्यात ताळमेळ नसला, तर तोच भार सांधे, चकत्या आणि पाठीचे मोठे स्नायू यांच्यावर पडतो.

ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. निरोगी मनुष्य हात उचलतो तेव्हा हात हलण्यापूर्वीच त्याचा आडवा उदरस्नायू कामाला लागलेला असतो. कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये मात्र त्याला काहीसा उशीर होतो. नंतरच्या अभ्यासांवरून कंबरदुखीचे मूळ केवळ या एका स्नायूत नाही, हेही स्पष्ट झाले. तरीसुद्धा सामान्य माणसासाठी त्यातील बोध मोलाचा आहे. हालचाल करण्याअगोदर शरीर तयारी करीत असते, आणि ती तयारी शिकता येते.

पिलाटीज व्यायामात म्हणूनच वजन किती उचलले आणि आवर्तने किती झाली याला फारसे महत्त्व नाही. एक प्रकार पाच ते दहा वेळाच करावयाचा. पण तो संथ, अचूक आणि श्वासाच्या लयीत. श्वास फासळ्यांच्या दोन्ही बाजूंना व पाठीकडे भरून घ्यावयाचा, छत्री उघडावी तसा. आणि सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावयाचे. एकाग्रता, नियंत्रण, मध्य साधणे, अचूकता, श्वास आणि प्रवाहीपणा ही या पद्धतीची सहा तत्त्वे म्हणून पुढील शिक्षकांनी मांडली आहेत.

वर्गात काय चालते

आपला वर्ग पाऊण तासाचा असतो. प्रारंभी सर्वजण पाठीवर निजून, गुडघे उभे करून, डोक्याखाली टॉवेल घेऊन केवळ श्वास पाहतात. त्यानंतर कंबर जमिनीला हलकेच टेकवणे व सोडणे. मग कणा एकेक मणका करीत वर उचलून तसाच एकेक मणका खाली ठेवणे, जणू मोत्यांची माळ सावकाश तबकात ठेवावी. पुढे कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, पालथे होऊन छाती किंचित वर घेणे, असे प्रकार येतात. तब्येतीने ठीक असलेल्यांना ‘हंड्रेड’ हा प्रसिद्ध प्रकार शिकवितात. त्यात डोके व पाय उचलून हात शरीरालगत खालीवर करीत पाच अंक श्वास घ्यावयाचा व पाच अंक सोडावयाचा. अशी दहा आवर्तने झाली की शंभर पूर्ण होतात. ज्यांना जमिनीवर बसणे शक्य नाही त्यांच्यासाठी खुर्चीवर बसून आणि भिंतीला पाठ लावून करावयाचे प्रकार आहेत.

नवख्या माणसाला पहिल्या दिवशी हे सारे फारच सोपे वाटते. ‘एवढ्याने काय होणार?’ असा भाव चेहऱ्यावर असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जे सोपे वाटले ते आपण नेमके करीतच नव्हतो, हे ध्यानात येते; आणि तेथून खऱ्या व्यायामाला आरंभ होतो.

वर्गातील सर्वांत नियमित मंडळी आपल्याच रुग्णालयातील आहेत, हे सांगण्यास समाधान वाटते. परिचारिका, मावश्या आणि वॉर्डबॉय यांना दिवसभर रुग्णाला कुशीवर वळविणे, स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे, खाली वाकून भांडे सरकविणे अशी कामे करावी लागतात. इतरांच्या शरीराची काळजी घेताना यांचीच कंबर जाते. पाळी बदलण्याच्या वेळी पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. अर्थात रुग्णाला उचलताना पुरेसे हात आणि खाली सरकचादर हवीच. व्यायाम हा मनुष्यबळाला पर्याय होऊ शकत नाही, हे व्यवस्थापनानेही विसरता कामा नये.

वर्गाबाहेरचे तेवीस तास

वर्गात घालविलेला पाऊण तास हा शिकण्यापुरता असतो. त्याचा खरा उपयोग उरलेल्या तेवीस तासांत व्हावयाचा असतो. सकाळी खाटेवरून एकदम उठून बसण्याऐवजी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. पाण्याने भरलेली बादली उचलण्यापूर्वी ती शरीराजवळ घ्यावी, श्वास सोडत ओटीपोट आत घ्यावे आणि गुडघ्यांतून उठावे. ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना एका पायावर सारा भार टाकण्याची सवय पुष्कळ भगिनींना असते. तो दोन्ही पायांवर समान घ्यावा. दुचाकीवर खड्ड्यांतून जाताना, बसमध्ये दांडी धरून उभे असताना, दुकानात गल्ल्यावर बसलेले असतानाही खांदे कानांपासून दूर आणि फासळ्या कंबरेच्या बरोबर वर ठेवता येतात. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लक्ष मात्र द्यावे लागते.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांवर आणि पुढे संगणकासमोर वाकण्यात गेले आहे. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वीची वीस मिनिटे आता सतरंजीवर जातात. त्यातून काही चमत्कार घडला असे नाही. परंतु मध्यंतरी एका कार्यात पंगतीला मांडी घालून बसल्यानंतर, गुडघ्यावर हात न टेकता आणि शेजाऱ्याचा खांदा न धरता सहज उठता आले. वयाच्या पन्नाशीनंतर अशा लहान गोष्टींचा आनंद किती मोठा असतो, हे समवयस्कांना निराळे सांगावयास नको.

शिकविणाऱ्याचा आनंद

वर्ग घेणाऱ्या आपल्या भौतिकोपचार तज्ज्ञ भगिनींकडून एक गोष्ट वारंवार ऐकली. व्यायाम करून दाखविणे सोपे. समोरच्याच्या शरीराला समजेल असा शब्द सापडणे कठीण. आरंभी त्या ‘नाभी कण्याकडे न्या’ असे पुस्तकी वाक्य सांगत. खेड्यातून आलेल्या आजींच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसे. एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘आजी, डोक्यावर भरलेला हंडा आहे असे समजा, थेंब सांडू द्यायचा नाही.’ आजींचा कणा तत्क्षणी सरळ झाला, खांदे खाली आले, हनुवटी आत गेली. पन्नास वर्षे विहिरीवरून पाणी वाहिलेल्या शरीराला ती विद्या अवगतच होती. फक्त तिची आठवण करून द्यावयाची होती. आता हा ‘हंडा’ वर्गाच्या परिभाषेत कायमचा आला आहे.

एका निवृत्त बसवाहकांना तोल सांभाळण्याचा प्रकार जमेना, तेव्हा ‘गाडी घाटात वळते आहे, तुम्हाला तिकीट फाडायचे आहे’ एवढे म्हणताच ते दोन्ही पायांवर अलगद स्थिरावले. प्रत्येकाच्या आयुष्यातील कामातूनच त्याला शिकवावे लागते. त्यामुळे शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याचे आयुष्य थोडेबहुत जाणून घ्यावे लागते, आणि विद्यार्थ्याला कोणीतरी आपल्याकडे नीट पाहिले याचे समाधान मिळते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात हे समाधान दुर्मीळ झाले आहे, हे कटू असले तरी सत्य आहे.

याहून मोठा आनंद निराळाच. एखादी विद्यार्थिनी सूचनेची वाट न पाहता आपली चूक आपणच सुधारते, त्या क्षणी शिकविणाऱ्याचे काम सफल होते. काही महिन्यांनी ती वर्गाला येईनाशी होते. कारण घरीच, सुनेला किंवा नातीला शेजारी घेऊन ती व्यायाम करू लागलेली असते. इतर विभागांत हजेरीपटावरील संख्या घटली की व्यवस्थापक म्हणून चिंता वाटते. येथे मात्र ‘घरी करीत आहेत’ हा शेरा वाचून आनंद वाटतो.

योग असताना हे कशासाठी?

हा प्रश्न अनेक ज्येष्ठांनी विचारला आणि तो रास्त आहे. सूर्यनमस्कार, दंड-बैठका, मल्लखांब यांची थोर परंपरा असलेल्या आपल्या प्रांतात परदेशी व्यायाम आणण्याचे प्रयोजन काय? औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. १९३८ साली त्यांचे त्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडन येथे प्रसिद्ध झाले. घरच्या घरी, साधनांवाचून, रोज थोडा वेळ व्यायाम करावा हा त्यांचा आग्रह आणि त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये पिलाटीज यांचा आग्रह, यांत विलक्षण साम्य आहे.

फरक आहे तो मांडणीचा. आसनात पुष्कळदा शरीर एका स्थितीत स्थिर ठेवून तेथे विसावतात. पिलाटीजमध्ये धड स्थिर ठेवून हातपाय हलवितात आणि हालचालीतच नियंत्रण साधतात. योगाला आध्यात्मिक अधिष्ठान आहे. पिलाटीज ही शरीरशिक्षणाची पद्धत आहे. ज्यांचा योगाभ्यास चालू आहे व मानवतो आहे, त्यांनी तो सोडण्याचे मुळीच कारण नाही. ज्यांना अद्याप कोणताच व्यायाम जडला नाही, त्यांच्यासाठी हे आणखी एक दार उघडे आहे, एवढेच.

पुरावा आणि पथ्य

दात्यांसमोर व रुग्णांसमोर अतिशयोक्त दावे करणे हे विश्वस्त संस्थेस शोभणारे नाही. वैद्यकीय पुराव्यांचे निःपक्ष परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील पिलाटीजच्या १० चाचण्यांचा, एकूण ५१० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. काहीच न करण्यापेक्षा वा नाममात्र उपचारापेक्षा पिलाटीजने वेदना कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र इतर व्यायामांपेक्षा तो श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जो व्यायाम आपल्याला आवडेल आणि म्हणून टिकेल, तोच आपल्यासाठी उत्तम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. दीर्घकालीन कंबरदुखीबाबत संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे आणि वजने लावून ताण देणे यांची नाही. औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना पट्टा विकत आणणाऱ्या कुटुंबीयांनी याची नोंद घ्यावी.

काही बाबतींत सावधगिरी अत्यावश्यक आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कणा पुढे गोलाकार वाकविण्याचे प्रकार करू नयेत, कारण मणका दबून मोडण्याचा धोका असतो. गर्भवती, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, तसेच अनियंत्रित रक्तदाब वा हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांच्या परवानगीनेच यावे. श्वास कोंडून कोणताही प्रकार करू नये. कंबरदुखीसोबत पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे अशी लक्षणे असल्यास व्यायामवर्गाला न येता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षक निवडतानाही चौकस असावे. २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘पिलाटीज’ हे व्यायामपद्धतीचे सर्वसामान्य नाव असून त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे ही विद्या सर्वांना खुली झाली. पण त्याचबरोबर कोणीही फलक लावू शकतो अशी स्थितीही आली. शिक्षकाचे प्रशिक्षण कोठे व किती काळ झाले, तो आपल्या आजाराची चौकशी करतो काय, आणि दुखत असल्यास थांबू देतो काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

जमाखर्चाच्या वहीतून

शेवटी व्यवस्थापकाच्या अधिकारात दोन शब्द. देणगीतून यंत्र घेतले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, त्यावर दात्याचे नाव लागते, आणि दरवर्षी त्यावर घसारा धरावा लागतो. शिक्षिकेचा एक तास मात्र केवळ खर्चाच्या बाजूस दिसतो. हिशेबशास्त्राची ही रीत योग्यच आहे. परंतु त्या तासातून जे ज्ञान एका आजींकडे, त्यांच्याकडून सुनेकडे व नातीकडे जाते, त्याची नोंद करावयास आमच्याकडे रकाना नाही.

या वर्गासाठी रिफॉर्मर यंत्र देण्याची तयारी काही हितचिंतकांनी दाखविली. त्यांचे मनःपूर्वक आभार मानून त्यांना विनंती केली आहे की, तूर्त यंत्राची नव्हे, माणसाची गरज आहे. सध्या आमच्या तज्ज्ञ भगिनी बाह्यरुग्ण विभागाचे काम आटोपून, आपल्या विश्रांतीच्या वेळातून हा वर्ग घेतात. हे त्यांच्या सेवाभावाचे द्योतक असले तरी एखाद्याच्या विश्रांतीवर उपक्रम फार काळ उभा राहू शकत नाही. अर्धवेळ शिक्षिकेच्या मानधनाची तरतूद झाल्यास सकाळचा आणखी एक वर्ग सुरू करता येईल आणि कामावर जाणाऱ्या मंडळींची सोय होईल. या कारणासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा, ही नम्र विनंती.

वर्गाला येऊ इच्छिणाऱ्या रुग्णांनी व नातेवाइकांनी प्रथम भौतिकोपचार विभागात तपासणी करून घ्यावी. येताना सैल कपडे असावेत, जेवण होऊन किमान दोन तास झालेले असावेत, आणि सोबत एक जाड टॉवेल आणावा. सतरंजी रुग्णालयाची आहे.

— व्यवस्थापक